झाड कशाने मरते आहे?

रानातून जाताना शेंडा वाळलेले एखादे झाड दिसले की बरोबरचे कोणीतरी म्हणते, "कीड लागली वाटतं," आणि सगळे पुढे चालू लागतात. "ताप आलाय" म्हणण्याइतकेच हे वाक्य मोघम आहे. ताप हिवतापाने येतो, विषमज्वराने येतो, नुसत्या उन्हानेही येतो. आणि यांपैकी एकाचे औषध दुसऱ्याला देऊन चालत नाही. झाडांचेही तसेच. पाणी कमी पडले तरी पाने पिवळी पडतात, पाणी तुंबले तरी पडतात, आणि मुळे कुजली तरी पडतात. शिवाय झाड आपण होऊन काही सांगत नाही. म्हणून त्याच्या आजाराचे निदान करणाऱ्याला डॉक्टरापेक्षा पोलीस तपासनिसासारखे काम करावे लागते. हा तपास कसा करतात ते आधी पाहू या. मग एका झाडाच्या रोगाची हकीकत सांगतो. तिच्यात पहिली तक्रार नोंदल्यापासून गुन्हेगार डोळ्यांना दिसेपर्यंत सत्तर वर्षे गेली.

पहिला प्रश्न असा की झाड खरोखर आजारी आहे का? हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. फाल्गुन-चैत्रात साग, सालई, पांगारा यांची पाने झडलेली असतात. नवख्याला ते रान मेल्यासारखे वाटते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागाची आणखी एक गंमत पाहायला मिळते. पानांच्या शिरा तेवढ्या शिल्लक राहतात आणि मधला हिरवा भाग नाहीसा होतो. पान जुन्या जाळीदार कापडासारखे दिसते. डोंगरच्या डोंगर करपल्यासारखा भासतो. हे काम एका पतंगाच्या अळीचे असते. ती शिरा सोडून मऊ भाग खाते. झाडाची त्या वर्षीची वाढ यामुळे मार खाते हे खरे, पण साग सहसा मरत नाही. पुढच्या हंगामात पुन्हा पाने येतात. अशा वेळी घाबरून कुऱ्हाड उचलणे म्हणजे गोवर झालेल्या मुलाला स्मशानात नेण्यासारखे आहे.

फांदी जिवंत आहे की मेली हे ठरवायला एक सोपी खूण आहे. बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडा. खाली ओला हिरवा थर दिसला तर ती जिवंत आहे. तपकिरी, कोरडा दिसला तर मेलेली. टोकाकडून बुंध्याकडे असे तपासत आलात की मरण कुठपर्यंत उतरले आहे ते कळते. शेंड्याकडून खाली वाळत येणारे झाड बहुधा मुळांच्या किंवा पाण्याच्या अडचणीत असते, कारण सर्वांत दूरच्या टोकाला पाणी सर्वांत आधी कमी पडते.

दुसरा प्रश्न शेजाऱ्यांविषयी आहे. आजारी झाडाकडे पाहण्याआधी त्याच्या आजूबाजूची वीस-पंचवीस झाडे पाहा. एका पट्ट्यातली साग, ऐन, धावडा, बोर अशी सगळीच झाडे सुकत असतील, तर संशय माती, पाणी, आग, रस्त्याचे खोदकाम किंवा ओढ्यात सोडलेले रसायन यांच्यावर घ्यावा. रोगजंतू सहसा इतके सर्वभक्षी नसतात. उलट एकाच जातीची झाडे वाळत असून मधली दुसऱ्या जातीची टवटवीत असतील, तर कारण सजीव असण्याचा संभव वाढतो. सगळी झाडे एकाच आठवड्यात माना टाकतात की एकामागून एक, हेही विचारायचे असते. मध्ये एक मेलेले झाड, त्याभोवती मरणपंथाला लागलेली चार, त्याबाहेर पिवळी पडू लागलेली दहा, असे वर्तुळ दिसले तर मुळांवाटे पसरणाऱ्या बुरशीची शंका घ्यावी. गुलमोहराच्या बुंध्याशी पावसाळ्यात लाखेचा रोगण दिल्यासारखी चकाकणारी कडक तपकिरी छत्रे तुम्ही पाहिली असतील. गॅनोडर्मा नावाच्या बुरशीची ती फळे होत. एका झाडाचे मूळ दुसऱ्याच्या मुळाला जमिनीखाली टेकले की ती तिथून पुढे सरकते. छत्र बाहेर दिसते तेव्हा आतली मुळे पुष्कळ दिवसांपासून कुजत असतात. ते एक झाड वाचवणे मग अवघड असते. पण त्याच्याभोवती खोल चर खणून मुळांचा संबंध तोडला तर शेजारी वाचू शकतात.

तिसरी पायरी म्हणजे जवळून पाहणे. बुंध्याशी भुसा साचला आहे काय? सालीला गोल भोके आहेत काय? डिंक किंवा काळपट पाणी वाहते आहे काय? पाने लहान झाली आहेत काय? सालीवर वाळवीची मातीची नळी दिसली तर मात्र निकाल देण्याची घाई करू नये. वाळवी बहुतेक वेळा आधीच मेलेली साल आणि लाकूड खाते. मेलेल्या गुराजवळ गिधाडे दिसली म्हणून गिधाडांनीच ते मारले असे आपण म्हणत नाही.

कारण नेमके कळले की उपाय किती बदलतो, याचे एक उदाहरण मध्य प्रदेशातील साल वृक्षांचे आहे. १९९७-९८ साली तिथल्या सालाच्या जंगलात एका लांब मिशांच्या भुंगेऱ्याची साथ आली. याच्या अळ्या खोडाच्या गाभ्यात बोगदे पाडतात आणि बुंध्याशी भुशाचा ढीग पडतो. लक्षावधी झाडांना उपद्रव झाला. एवढ्या जंगलावर औषध फवारणे अशक्य होते, आणि खोडाच्या आत बसलेल्या अळीपर्यंत ते पोचलेही नसते. पण हा भुंगेरा पहिल्या पावसाबरोबर बाहेर पडतो आणि ताज्या कापलेल्या सालाच्या रसाचा वास त्याला दुरून ओढून आणतो, हे वनशास्त्रज्ञांना जुन्या साथींपासून ठाऊक होते. म्हणून ठिकठिकाणी थोडी झाडे पाडून त्यांचे ओंडके ठेचून ठेवतात. भुंगेरे रस प्यायला गोळा होतात, पिऊन सुस्तावतात, आणि माणसे त्यांना हातांनी वेचतात. यात औषधाचा एक थेंबही लागत नाही. कीटकाची खोड ओळखून लावलेला हा सापळा आहे.

आता सांगितलेली ती लांबलेली हकीकत. ती चंदनाची आहे.

तुमच्या देवघरात सहाण असेल आणि तिच्यावर उगाळायचे चंदनाचे खोड असेल. तो तुकडा झाडाच्या गाभ्याचा असतो. बाहेरचे पांढुरके लाकूड जवळजवळ बिनवासाचे असते. वास गाभ्यात आणि मुळांत भरतो. झाड दहा-पंधरा वर्षांचे झाल्याखेरीज हा गाभा धरूही लागत नाही, आणि चांगला भरायला त्याहून पुष्कळ अधिक काळ जातो. म्हणजे आज मेलेल्या मोठ्या चंदनाची जागा भरून काढायची तर निम्मे आयुष्य वाट पाहावी लागते. म्हैसूरच्या मुलखात हे झाड इतके मोलाचे की टिपू सुलतानाने १७९२ साली त्याला राजवृक्ष ठरवले. पुढे संस्थानानेही तो हक्क सोडला नाही. १९१६ साली संस्थानाने चंदनाचे तेल काढण्याचा स्वतःचा उद्योग सुरू केला.

चंदनाच्या स्वभावातली एक गोष्ट या हकीकतीत महत्त्वाची आहे. हे झाड अर्धे परोपजीवी आहे. पाने हिरवी असल्याने ते आपले अन्न आपण तयार करते. पण जमिनीखाली त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चूषक मुळांनी बिलगतात आणि पाणी व क्षार तिथून घेतात. अशी यजमान झाडे तीनशेहून अधिक जातींची नोंदलेली आहेत. रोपवाटिकेत चंदनाच्या रोपाशेजारी मुद्दाम तूर लावतात ती यासाठीच. आंब्यावरचे बांडगूळ आणि चंदन एकाच गणातील वनस्पती आहेत, हे ऐकून कित्येकांना आश्चर्य वाटते. एकाला आपण शिवीसारखे वापरतो, दुसरे कपाळाला लावतो. वनस्पतिशास्त्राला त्याचे काही सुखदुःख नाही.

१८९९ साली कूर्गमध्ये, म्हणजे आजच्या कोडगू जिल्ह्यात, मॅकार्थी नावाच्या वनाधिकाऱ्याला काही चंदनाची झाडे विचित्र दिसली. नवी पाने नेहमीपेक्षा लहान येत होती. त्यानंतरची त्याहून लहान, त्यानंतरची आणखी लहान. दोन पानांमधले पेर आखूड होत चालले होते. पाने फांदीशी काटकोन करून ताठ उभी राहत, त्यामुळे फांदीला खिळ्यांनी भरलेल्या काठीचे किंवा कणसाचे रूप येई. इंग्रजीत कणसाला आणि टोकदार खिळ्याला स्पाइक म्हणतात; तेच नाव रोगाला पडले. कित्येकदा रोग आधी एकाच फांदीवर दिसे, मग सगळ्या झाडावर पसरे. रोगट फांदीला फुले-फळे धरत नसत. मुळांची टोके आणि चूषक मुळे मरत. दोन-तीन वर्षांत झाड संपे.

साथ वाढत गेली. १९०३ ते १९१६ या काळात कूर्ग आणि म्हैसूर मिळून दहा लाखांहून अधिक झाडे काढून टाकावी लागली. १९०७ साली म्हैसूर सरकारने रोगाचे कारण व उपाय शोधणाऱ्यास दहा हजार रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळी ही केवढी रक्कम होती हे तुमच्या आजोबांच्या आजोबांनी सांगितले असते! १९१७ साली रोग तामिळ मुलखात सेलमकडेही आढळला.

आता तुम्ही तपासनीस आहात असे समजा. तुम्ही कोणावर संशय घ्याल? त्या वेळच्या लोकांनी एकेकावर घेतला. आधी बुरशीवर, कारण झाडांचे बहुतेक ज्ञात रोग बुरशीचेच होते. पण रोगट झाडात नेमाने सापडणारी अशी बुरशी मिळेना. मग जमिनीतल्या क्षारांच्या कमतरतेवर. मग घाणेरीवर, म्हणजे टणटणीवर. हे परदेशी झुडूप त्याच सुमारास तिथल्या रानात बेसुमार फोफावत होते. दोन गोष्टी बरोबर वाढल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे लक्षात ठेवा. सर्वांत फसवा संशय मुळांचा होता. रोगट झाड उपटले की चूषक मुळे मेलेली दिसत. यजमानाशी नाते तुटले, झाडाची उपासमार झाली, म्हणून पाने खुरटली, हे स्पष्टीकरण किती सरळ वाटते! वणवा, गुरांचे चरणे, यजमान झाडांची तोड, सगळे त्यात बसते. आपण त्या काळी असतो तर बहुधा तेच मान्य केले असते.

हे खरे की खोटे ते ठरवायचे कसे? निरीक्षणे कितीही वाढवली तरी मुळे आधी मेली की पाने आधी खुरटली हा वाद मिटत नाही. इथे प्रयोग लागतो. म्हैसूरच्या कृषिखात्याचे प्रमुख लेस्ली कोलमन यांनी तो केला आणि १९१७ साली प्रसिद्ध केला. प्रयोग आपल्याकडचा कोणताही माळी करील असा होता: कलम. रोगट झाडाची फांदी निरोगी चंदनावर बांधली, आणि निरोगी झाडाला स्पाइक झाला. आता विचार करा. त्या निरोगी झाडाची मुळे, यजमान, माती, पाणी यांतले काहीच बदललेले नव्हते. बदलले ते एवढेच की रोगट फांदीतला रस त्याच्यात शिरला. म्हणजे रोग उपासमारीचा नसून संसर्गाचा आहे, आणि मुळांचे मरणे हा त्याचा परिणाम आहे. अठरा वर्षांचा वाद एका कलमाने निकालात निघाला. माझ्या मते या सगळ्या कथेतली सर्वांत देखणी गोष्ट हीच आहे. पुढची यंत्रे कितीही मोठी असोत.

मुळे का मरतात तेही आता जुळवता येते. पानात तयार झालेले अन्न रसवाहिन्यांमधून खाली मुळांकडे जाते. या रसवाहिन्याच बिघडल्या तर पानात पिष्ट तुंबून राहते आणि मुळे उपाशी मरतात. स्पाइक झालेल्या चंदनाच्या पानांत खरोखरच नेहमीपेक्षा जास्त पिष्ट साठलेले आढळते. म्हणजे उपासमार होती, पण तिची दिशा उलटी होती.

संसर्ग कळला, पण संसर्ग कशाचा? साध्या सूक्ष्मदर्शकात काही दिसत नव्हते. जे दिसत नाही, वाढवता येत नाही, पण कलमाने पसरते, ते विषाणू असणार, असे त्या काळी धरून चालत. स्पाइक रोगही पन्नास वर्षे विषाणुजन्य म्हणून पुस्तकांत छापला जात होता. १९६७ साली जपानमध्ये तुतीच्या खुजेपणाच्या रोगाचा अभ्यास करताना दोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रसवाहिन्यांचे अतिशय पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत विषाणू नव्हते. होते ते गोल, लांबट, वेड्यावाकड्या आकारांचे अगदी बारीक सजीव, आणि त्यांना पेशीभित्तिका नव्हती, फक्त एक पातळ पटल होते. ही बातमी कळताच जगभर अशा जुन्या 'विषाणू' रोगांची फेरतपासणी सुरू झाली. १९६९ साली तीन वेगवेगळ्या गटांना चंदनाच्या रोगट रसवाहिन्यांतही तेच सजीव दिसले. १९९४ पासून त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात. मिलिमीटरचे हजार भाग केले तर एका भागाहूनही हे लहान असतात. रसवाहिन्यांत राहणे, तिथला साखरपाक पिणे आणि तिथेच वाढणे हा त्यांचा संसार.

या निष्कर्षाला दुसऱ्या बाजूनेही पुरावा मिळाला, आणि तो तुम्हाला शाळेतल्या ज्ञानावर उलगडता येईल. अशा रोगट झाडांना टेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक दिले तर लक्षणे मागे हटतात. पेनिसिलीन दिले तर काही फरक पडत नाही. प्रतिजैविकांचा विषाणूंवर परिणाम होत नाही. म्हणजे टेट्रासायक्लीनला दाद देणारा हा शत्रू विषाणू नव्हे. पेनिसिलीन जिवाणूंची पेशीभित्तिका तयार होऊ देत नाही. ज्याला भित्तिकाच नाही त्याचे ते काय बिघडवणार? टेट्रासायक्लीन मात्र प्रथिने बनवण्याच्या कामात अडथळा आणते, आणि प्रथिने तर फायटोप्लाझ्मालाही लागतातच. दोन औषधांच्या वागण्यावरून न दिसणाऱ्या शत्रूचे अंगरखे ओळखले गेले.

इथे चौकस विद्यार्थी एक शंका काढील, आणि ती काढलीच पाहिजे. रॉबर्ट कॉख यांच्या कसोट्यांप्रमाणे जंतू रोगी शरीरातून काढून बाहेर शुद्ध स्वरूपात वाढवायचा, निरोगी शरीरात घालून तोच रोग उत्पन्न करायचा आणि तिथून तोच जंतू परत मिळवायचा असतो. फायटोप्लाझ्मा झाडाबाहेर वाढवणे अत्यंत कठीण आहे. मग पुरावा पुरा झाला असे म्हणता येईल काय? कॉखची कसोटी शब्दशः पुरी होत नसली तरी कलम, सूक्ष्मदर्शकातले चित्र आणि प्रतिजैविकाचा परिणाम हे तीन स्वतंत्र साक्षीदार एकच नाव घेतात. आज पानातल्या डीएनएची तपासणी हा चौथा साक्षीदार आहे. रोगट झाडातच त्याची खूण सापडते.

रानात तर कोणी कलमे बांधत हिंडत नाही. मग रोग झाडावरून झाडावर जातो कसा? रसवाहिनीत सोंड खुपसून रस पिणारे तुडतुडे तो नेतात. रोगट झाडाचा रस प्यालेल्या तुडतुड्याच्या शरीरात फायटोप्लाझ्मा वाढतात, त्याच्या लाळेत उतरतात, आणि पुढे तो ज्या झाडावर बसेल त्याच्या रसात जातात. चंदनाच्या बाबतीत तुडतुड्यांच्या एकाहून अधिक जातींची नावे पुढे आली आहेत. लागण झाल्यापासून पाने खुरटेपर्यंत काही महिने जातात. हे महिने फार घातक असतात, कारण झाड दिसायला निरोगी असते आणि रोग वाटत असते.

असा रोग आवरायचा कसा? टेट्रासायक्लीन खोडात टोचून पाहिले गेले आहे. झाड काही महिने सुधारते, नवी पाने मोठी येतात, आणि औषधाचा प्रभाव ओसरला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डोंगरावरच्या हजारो झाडांना वर्षातून कितीदा टोचणार? आणि एवढे प्रतिजैविक रानात ओतले तर इतर जिवाणू त्याला सरावतील ती भीती वेगळीच. तुडतुड्यांसाठी जंगलभर कीटकनाशक फवारणे हा तर रोगापेक्षा महाग उपाय, कारण त्यात मधमाश्याही मरतील आणि ते कीटक खाणारे पक्षीही. हा उपाय रोपवाटिकेच्या चार वाफ्यांपुरता ठीक आहे.

राहतो तो कठोर मार्ग: रोगट झाड लवकर ओळखून काढून टाकणे. यातही एक खोच आहे. चंदन नुसते तोडले तर त्याच्या मुळांतून धुमारे फुटतात, आणि तेही रोगटच असतात. म्हणून पूर्वी अशी झाडे आर्सेनिकयुक्त विष घालून मुळासकट मारीत. आज ते विष कोणी जंगलात वापरू म्हणणार नाही. झाड मुळांसकट खणून काढणे बरे. पण राखीव जंगलात, विशेषतः अभयारण्यात, हिरवे झाड तोडण्यावर कायद्याची बंधने आहेत. ती बंधने लाकूडचोरीला आळा घालण्यासाठी आहेत आणि ती असलीच पाहिजेत. तरीही परवानगी येईपर्यंत रोगट झाड उभेच राहते आणि तुडतुड्यांना वर्षभर मेजवानी मिळते. एका झाडावर दया दाखवताना पन्नास झाडांना लागण होऊ द्यायची का? मला वाटते, तज्ज्ञाच्या तपासणीनंतर अशा झाडांपुरती परवानगी चटकन मिळण्याची सोय हवी. तुमच्या वर्गात यावर दोन पक्ष पडू शकतील; शिक्षकांनी वाद होऊ द्यावा.

दुसरे काम रोपांचे. पूर्वी म्हैसूर भागात खाजगी शेतात उगवलेले चंदनही सरकारचेच मानले जाई. साहजिकच शेतकऱ्याला त्याच्या निगेत रस नसे. कर्नाटकाने २००१ मध्ये आणि तामिळनाडूने २००२ मध्ये कायदा बदलला, आणि तेव्हापासून शेतात चंदन लावणारे वाढले. महाराष्ट्रातही कित्येक शेतकऱ्यांनी ते लावले आहे. १९९८ पासून रानातल्या चंदनाची गणना धोक्यातल्या वनस्पतींत होत असल्याने ही आनंदाचीच बातमी आहे. परंतु ट्रकांतून दूरदूर जाणाऱ्या रोपांबरोबर न दिसणारा पाहुणाही जाऊ शकतो. लागण झालेले रोप काही महिने निरोगी दिसते हे आपण पाहिलेच. म्हणून रोपे कुठून आली आणि त्यांची तपासणी झाली आहे का, हे विचारूनच ती घ्यावीत. एकट्या चंदनाची दाट लागवड करण्याऐवजी निरनिराळी यजमान झाडे मध्ये लावलेली बरी. चंदनाला ती हवीच असतात, आणि तुडतुड्याला एका चंदनावरून दुसऱ्यावर जाणे तेवढेच लांब पडते. स्पाइकच्या पट्ट्यातही वर्षानुवर्षे निरोगी उभी राहिलेली झाडे शोधून त्यांची रोपे करण्याचा मार्गही अभ्यासक चाचपत आहेत. आजही कर्नाटकात आणि केरळातल्या मरयूरच्या चंदनवनात हा रोग झाडे घेतोच आहे.

स्पाइक झालेला चंदन तुमच्या गावात नसेल, पण त्याचा भाऊबंद बहुधा असेल. वांग्याच्या शेतात एखादे झाड बारीक-बारीक पानांचा झुबका होऊन बसलेले पाहा. त्याला वांगी लागत नाहीत. शेतकरी त्याला पर्णगुच्छ म्हणतात. तोही फायटोप्लाझ्माचा आणि तुडतुड्यांनी पसरवलेला रोग आहे. निरोगी झाडाचे आणि या झाडाचे शेंड्याकडून पाचवे पान घेऊन पट्टीने लांबी-रुंदी मोजा, दोन पेरांमधले अंतर मोजा. अशा दहा-दहा झाडांची सरासरी काढली की 'पाने लहान झाली' या मोघम वाक्याच्या जागी आकडे येतील. शेताचा नकाशा काढून रोगट झाडांवर फुल्या मारा आणि दर आठवड्याला नव्या फुल्या वेगळ्या रंगाने भरा. रोग बांधाकडून आत सरकतो की मधूनच कुठेही उगवतो, हे त्यावरून दिसेल.

पिष्टाची चाचणीही करता येईल. जास्वंदीच्या एका फांदीची साल बोटभर रुंदीच्या कड्यासारखी अलगद काढा. आतले लाकूड कापू नका. आठ-दहा दिवसांनी सूर्योदयापूर्वी त्या कड्याच्या वरचे एक पान आणि न कापलेल्या फांदीचे एक पान तोडा. दोन्ही उकळत्या पाण्यात बुडवून घ्या, मग स्पिरिटात ठेवून हिरवा रंग काढा आणि आयोडीनचे पातळ द्रावण घाला. स्पिरिट पेट घेते. म्हणून त्याचे भांडे गरम पाण्यात ठेवावे, ज्योत विझवलेली असावी आणि शिक्षक जवळ असावेत. कोणते पान अधिक निळे होते ते नोंदवा. आता याचे उत्तर वहीत लिहा: चंदनाच्या पानात पिष्ट तुंबलेले आढळले, एवढ्यावरून त्याला स्पाइकच झाला आहे असे म्हणता येईल काय? जास्वंदीला तर कोणताच रोग झालेला नव्हता.